हातभर फीत

आमच्या मंडळात अध्यक्षा नव्हती, आणि कुणी व्हायचा प्रयत्न केलाच तर तिला खाली ओढायला आम्ही सगळ्या तत्पर होतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या त्या लहानशा रेडिओ केंद्रावर बुधवारी संध्याकाळचा एक तास बायकांचा होता, आणि त्यातही आमच्यासारख्या, बायकांवरच जीव लावणाऱ्या बायकांचा. केंद्र वरच्या मजल्यावर, खाली कपडे धुण्याचं दुकान. त्यामुळे आमच्या सगळ्या क्रांतीला गरम साबणाचा वास यायचा. कामं दर आठवड्याला फिरायची. आज जी बोलली ती पुढच्या वेळी बटणं दाबणार, त्याच्या पुढच्या वेळी फरशी पुसणार. एखादी कशात पटाईत व्हायला लागली की ते काम तिच्याकडून काढून घ्यायचं, कारण पटाईतपणा हा पुरुषी रोग. परिणाम असा की आमच्याकडे सगळंच सारखं वाईट व्हायचं आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

मी दिवसभर भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे बिलं लिहायची. माणसांकडेही मी त्याच नजरेने बघते, हा माझा दोष म्हणा किंवा पोटापाण्याची सवय. कोण किती आणतं, कोण किती नेतं, आणि कोण नुसतंच तराजूवर हात ठेवून उभं राहतं, हे मला न विचारता दिसतं.

गेलचंच बघा. गेल आमच्यात सर्वात जास्त शिकलेली. तिने बापाचं आडनाव टाकून दिलं होतं आणि आईचं नाव रूथ म्हणून स्वतःला रूथडॉटर, म्हणजे रूथची लेक, म्हणवून घेत होती. बाप दंतवैद्य होता. आडनाव टाकलं तरी दाढ दुखली की ती त्याच्याचकडे जायची, फुकट. पण मनाने सोनं. तिच्या स्वयंपाकघरात दर सोमवारी लिहिणाऱ्या बायकांची बैठक भरायची. प्रत्येकीने घरून काहीतरी करून आणायचं, खायचं, मग आपलं लिहिलेलं वाचायचं. गेल नेहमी मसूर शिजवायची, आणि ते नेहमी कच्चे राहायचे.

मंडळाचा एकच नियम असा होता जो कधी कुणी मोडला नाही. एका बाईचं बोलणं दुसरीने कापायचं नाही. आजवर बायकांचं बोलणं बापांनी कापलं, नवऱ्यांनी कापलं, संपादकांनी कापलं, आता आपण तरी कापायचं नाही. कापायचंच असेल तर जिचं बोलणं तिने स्वतः समोर बसून कापून घ्यावं. नियम चांगला होता. मी आजही तो वाईट म्हणणार नाही. पण त्याची किंमत कुणी भरली ते सांगते.

डोरीन आमच्यात लिहिणारी खरी. ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाक करायची आणि बटाटे सोलता सोलता मनात वाक्यं जुळवायची. रेडिओवर ती मेपल या नावाने वाचायची. खरं नाव घेणं शक्यच नव्हतं, कारण तिला शेली होती. शेली सात वर्षांची, पुढचे दात पडलेली, कुणाशीही बोलायला तयार. डोरीनचा नवरा वेंडेल टायर विकायचा. घटस्फोटानंतर मुलगी डोरीनकडे राहिली होती आणि एका शनिवारआड बापाकडे जायची. मग वेंडेलने दुसरं लग्न केलं, चर्चला नियमित जायला लागला, वकील गाठला आणि कोर्टात अर्ज टाकला की घरात काय चाललंय याचा मला संशय आहे, मुलगी मला द्या.

त्या घरात जे चाललं होतं ते म्हणजे मी. मी, व्हर्ना स्कोग्लंड, कागदोपत्री मागच्या खोलीतली भाडेकरू. त्या खोलीत माझा पलंग होता. त्यावर मी कधी झोपले नाही, पण रोज सकाळी त्याची चादर विस्कटायची आणि पुन्हा घालायची, म्हणजे ती वापरलेली दिसावी. डोरीन म्हणायची, तुझा स्वतःच्या अंथरुणापेक्षा त्या अंथरुणावर जास्त जीव आहे. मी हसायची. पण बाहेर गाडीचं दार वाजलं की आम्हा दोघींचं हसणं अर्ध्यात थांबायचं.

तेव्हा आई दुसऱ्या बाईबरोबर संसार करते म्हणून मूल काढून घ्यायला कोर्टात पुरावा लागत नव्हता, संशय पुरत होता. आमच्या सोमवारच्या बैठकीला पूर्वी एकजण यायची, तिचे दोन्ही मुलगे गेले. आता ती त्यांना रविवारी भेटते, नवऱ्याच्या बहिणीच्या दिवाणखान्यात, दार उघडं ठेवून. ती बैठकीला यायची बंद झाली. तिची खुर्ची आम्ही कधी भरली नाही, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बघतच मसूर खाल्ले.

त्या सोमवारी डोरीनने नवीन लिहिलेलं वाचलं. संध्याकाळी घरी आलेल्या दमलेल्या बाईचं होतं, साधंच. त्यात मध्येच एक वाक्य आलं. शेली शाळेत सांगून आली, मला दोन आई आहेत, एक रागावते आणि दुसरी रागावायचं विसरते.

गेलच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कॉरिन नावाची नवी मुलगी, जी महिनाभरापूर्वी आयडाहोतून बसने आली होती, ती म्हणाली की असं कुणी लिहितं हे मला तिकडे कुणी सांगितलंच नाही. रागावायचं विसरणारी ती मीच, म्हणून वाक्य ऐकून मी आधी लाजले, मग भानावर आले. नाव. तिने मुलीचं नाव घेतलं होतं.

घरी जाताना गाडीत मी तेवढंच म्हटलं. डोरीन भडकली. नाव बदलता येईल, पण बदललं की वाक्य मरतं, तिचं म्हणणं. मी म्हटलं, वाक्य मेलं तर दुसरं लिहिशील. लिहिणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे आईला सांगणं की हे मूल गेलं तर दुसरं होईल. दोन दिवस ती माझ्याशी मीठ-मिरपूड देण्यापुरतं बोलली. मग आपणहून म्हणाली, काढते. नुसतं नाव नको, अख्खं वाक्य काढते. अर्धं ठेवून मला झोप येणार नाही.

ध्वनिमुद्रण झालं होतं. तेव्हा टेपची फीत कापायची म्हणजे ब्लेडने कापायची आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. त्या आठवड्याला कापण्याची पाळी कॉरिनची होती. डोरीन तिच्या शेजारी बसली, वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते बोटाने दाखवलं, आणि कॉरिनने जिवापाड काळजीने ते काढलं. वाक्य हातभर लांब निघालं. कापलेली फीत कार्यक्रम होईपर्यंत टाकायची नाही, यंत्राच्या कडेला चिकटवून लटकत ठेवायची, ही सगळ्या केंद्राचीच पद्धत होती. कॉरिनने तीही पाळली. तुकड्यावर मेपल असं लिहिलं आणि लटकवला. डोरीन शेलीला शाळेतून आणायला धावली.

पुढच्या मंगळवारी गेल तिथे आली.

तिने तो तुकडा पाहिला. त्याच महिन्यात केंद्राच्या दाढीवाल्या, तशा भल्या व्यवस्थापकाने आम्हाला म्हटलं होतं की तक्रारी येतायत, जरा सांभाळून. गेलने तुकडा यंत्रावरून हाताने सावकाश ओढून ऐकला. मेपलचं सर्वात सुंदर वाक्य, आणि एका पुरुषाने ते ब्लेडने कापून कडेला टांगून ठेवलेलं. मेपल स्वतःच आपलं असं वाक्य कापून घेईल हे तिच्या मनातही आलं नाही. आमच्यात बाईचं बोलणं कुणी कापत नाही, म्हणजे हे बाहेरच्यानेच कापलं. तिने कुणालाही विचारलं नाही. बसून वाक्य होतं तिथे परत जोडलं. तिला या कामाचा सराव नव्हता, तरी जोड इतका छान बसला की ऐकून कळत नव्हता. आमच्याकडे आयुष्यात एकच काम कुणी नीट केलं आणि ते हे.

बुधवारी डोरीन केंद्रावर जात नसे. आम्ही स्वयंपाकघरात रेडिओ बारीक करून ऐकायचो. शेली टबात होती, दार उघडं, तिचं पाण्याशी भांडण आम्हाला ऐकू येत होतं. डोरीन ओट्याला टेकून उभी होती आणि स्वतःचा आवाज दुसरीचा असल्यासारखा ऐकत होती, मान किंचित वाकडी करून. मी बीन्सचा डबा उघडत होते. दमलेली बाई घरी आली, बूट काढले, आणि मग रेडिओतून शेलीचं नाव आलं.

डोरीनने हात पुढे केला, रेडिओ बंद करायला की वाक्य परत आत ढकलायला कोण जाणे. तोवर ते संपलंही होतं. आतून शेली ओरडली, "आई, रेडिओवर माझं नाव आलं."

डोरीन म्हणाली, "दुसरी शेली असेल."

"तिला पण दोन आई आहेत?"

त्यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मी बीन्स पातेल्यात ओतले. डोरीनच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता असा रंग आला, पिठासारखा. कार्यक्रम संपायच्या आत फोन वाजला. मी उचलला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास, आणि मागे कुठेतरी तोच आमचा कार्यक्रम चालू होता, आमच्या रेडिओच्या सुरात सूर मिळवून. मग फोन खाली ठेवल्याचा आवाज.

नंतर पुन्हा वाजला तेव्हा ती गेल होती. तिचा आवाज आनंदाने भरून वाहत होता. वाक्य मी वाचवलं, ती म्हणाली, आणि त्या दाढीवाल्याला मी सरळ जाब विचारणार आहे. मी फोन डोरीनच्या हातात दिला. डोरीनने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "गेल, ते मी कापलं होतं."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. डोरीन म्हणाली, "हो, मीच. कॉरिनने नाही, त्याने नाही, मी. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." आणि फोन इतक्या हळू ठेवला की त्यापेक्षा आपटलेला बरा.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत, कारण त्यात काही घडलंच नाही. रस्त्यावर गाडी मंदावली की आम्ही दिवा घालवायचो. पोस्टमन दाराशी आला की डोरीन ओट्याची कड धरायची. शेजारच्या म्हातारीने, जी तीन वर्षं आमच्याकडून साखर नेत होती आणि परत करत नव्हती, कुंपणावरून डोरीनला विचारलं की तुमच्याकडे त्या भाडेकरू बाई अजून आहेत ना, आणि मी आत खिडकीपासून मागे सरले. कोण होता तो श्वास? वेंडेलने असला कार्यक्रम ऐकणं शक्य नव्हतं, तो फक्त बेसबॉल ऐकायचा. त्याचा वकील? चर्चमधलं कुणी? मी रोजच्या सवयीने आमच्या बाजूला काय शिल्लक आहे याची जुळवाजुळव करून बघायची आणि काहीच जुळायचं नाही. दुसऱ्या बाजूला एक वाक्य होतं आणि तेवढ्यानेच तराजू जमिनीला टेकला होता.

गेल येऊन गेली. डोरीनच्या समोर बसली, मोठी माणसं लहान मुलांच्या खुर्चीवर बसतात तशी अवघडून, आणि म्हणाली की तू कोर्टात ताठ उभी राहा, आम्ही सगळ्या बाहेर फलक घेऊन उभ्या राहू, देशभर कळू दे. तिला खरोखर तसं वाटत होतं. डोरीनने तिला कॉफी दिली.

"देशभर कळेल," ती म्हणाली. "आणि शनिवारी शेलीचे केस कोण धुवेल, देश?"

गेलने कॉफीकडे पाहिलं. मग उठून आपला कप स्वतःच विसळला.

पुढच्या आठवड्यात केंद्रावर रोज संध्याकाळी फोन घ्यायची पाळी माझी होती. फोन घेणं म्हणजे बहुतेक शिव्या खाणं, आणि मधूनच एखादीचं, तुमची पुढची बैठक कुठे आहे हो, असं कुजबुजतं विचारणं. मंगळवारी एक फोन आला त्यात कुणी बोलेना. श्वास ओळखीचा होता. ठेवणार इतक्यात बाईचा आवाज आला.

"रागावायचं विसरते ती तुम्हीच का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी आर्लीन," ती म्हणाली. "वेंडेलची बायको."

खुर्ची शेजारी होती, तरी मी जमिनीवरच बसले. आर्लीन भरभर बोलत होती, दुसऱ्या कुणाच्या घरात चोरून बोलावं तशी. ती वर्षभर इस्त्री करताना बुधवारचा कार्यक्रम ऐकत होती. डोरीन शेलीला आणण्यासोडण्याबद्दल फोन करायची, त्यामुळे मेपलचा आवाज कुणाचा हे तिने केव्हाच ओळखलं होतं. त्या दिवशी शेलीचं नाव आलं आणि घाबरून तिनेच आमच्या घरी फोन केला होता, पण बोलायचा धीर झाला नाही; वेंडेल गॅरेजमध्ये होता, त्याने ऐकलं नाही. पण आता दुसरी गोष्ट होती. वकिलाने कोर्टाकडे मागणी केली होती, आणि गुरुवारी सकाळी कोर्टाच्या एक बाई न सांगता डोरीनचं घर बघायला येणार होत्या. कपाटं उघडून बघतात, ती म्हणाली. मुलीशी दार लावून बोलतात.

मी विचारलं, हे तुम्ही मला का सांगताय.

ती म्हणाली, "मार्चमध्ये मला मूल होणार आहे. घरात खोल्या दोन. वेंडेलला मुलगी हवी आहे, तिची वेणी कोण घालणार ते त्याने मला विचारलेलं नाही." मग म्हणाली, "आणि मेपल लिहिते चांगलं. कार्यक्रमाच्या शेवटी तुम्ही सगळ्यांचे आभार मानता ना, माझे मानू नका."

घरी येऊन मी सांगितलं. माझा विश्वास बसत नव्हता. सापळा असू शकतो, मी म्हटलं, आम्ही सामान हलवताना दिसावं म्हणूनच कुणी कोपऱ्यावर गाडी लावून बसलं असेल. आर्लीनने आपली गरज उघड सांगितली होती, आणि ज्याची गरज कळते त्या माणसावर मी थोडा भरवसा ठेवते. पण थोडाच. डोरीन पोळलेल्या बोटावर फुंकर घालत उभी होती. ती म्हणाली, आर्लीन खोटं बोलत असेल आणि आपण ऐकलं तर घर रिकामं होईल. खरं बोलत असेल आणि ऐकलं नाही तर शेली जाईल. हिशेब तुझं काम ना, कर.

मी केला. मग फोन फिरवले.

आता एक सांगायला हवं. आमच्या मंडळाला काही येत नव्हतं असं मी म्हटलं, ते एका बाबतीत खरं नाही. घर सोवळं करणं आम्हा प्रत्येकीला यायचं. नेब्रास्काहून कुणाची आई यायची असेल, घरमालक यायचा असेल, की बायका जमायच्या आणि भिंतीवरची चित्रं, फळीवरची पुस्तकं, दोन उशांमधली एक उशी, सगळं तासाभरात नाहीसं व्हायचं. त्याची पाळी कधी फिरवावी लागली नाही. त्यात सगळ्याच पटाईत होत्या.

बुधवारी भर दुपारी गेलने कुणाचा तरी जुना ट्रक आणला. खोक्यांवर कॉरिनने मोठ्या अक्षरांत चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी असं लिहिलं, आणि बायका एकमेकींना मोठ्याने, देव तुमचं भलं करो, म्हणत माझा संसार बाहेर नेत होत्या. शेजारची म्हातारी कुंपणाशी आली आणि बाजारासाठी म्हणून दोन जुने दिवे देऊन गेली. हसू आलं, पण कुणाच्याच तोंडावर राहिलं नाही. माझे कपडे, माझी साबणाची वाटी, दातांचा ब्रश, नाहणीतला माझा झगा. डोरीन प्रत्येक खोक्यापाशी उभी राहायची आणि ते ट्रकमध्ये चढेपर्यंत बघायची. सर्वात जड खोकी गेलने उचलली. पुस्तकांची. एकदाही कुणाला हात लावू दिला नाही, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

शेली शाळेतून आली. मोकळ्या भिंती बघून तिने विचारलं, आपण चाललोय का. डोरीनने तिला नाहायला नेलं. मी बाहेर पॅसेजमध्ये माझं शेवटचं खोकं बांधत होते.

"उद्या कोर्टाच्या एक बाई येतील," डोरीन म्हणाली. "विचारतील, घरात कोण कोण राहतं."

"तू, मी आणि व्हर्ना."

"तू आणि मी."

"आणि व्हर्ना?"

"व्हर्ना पूर्वी मागची खोली भाड्याने घेऊन राहायची. आता राहत नाही. तुला एकच आई आहे."

पाण्याचा आवाज थांबला.

"हे खोटं आहे?"

"हो," डोरीन म्हणाली. ती मुलीशी कधी खोटं बोलली नव्हती आणि तेव्हाही बोलली नाही, हे मी तिच्या नावावर जमा धरते.

शेलीने विचार केला. "आणि मी चुकून खरं बोलले तर?"

डोरीन तांब्याने तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली. मी दोरीची गाठ मारली ती इतकी घट्ट की नंतर सुरीने कापावी लागली.

गुरुवारी मी गेलच्या मागच्या खोलीत बसून होते. बिलं लिहायला गेले नाही, पोटात दुखतंय म्हणून कळवलं. गेल बाहेर फोनपाशी बसली होती. मग मीही तिथे आले आणि दोघींनी मिळून कच्चे मसूर निवडले, कारण हात रिकामे ठेवता येत नव्हते. एकदा ती म्हणाली, मी त्या वाक्यावर प्रेम केलं होतं. मी म्हटलं, मीही. तेवढंच.

दुपारी डोरीनने कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला. आल्या होत्या. आर्लीनने खरं सांगितलं होतं. त्यांनी फ्रिज उघडून पाहिला, ब्रश मोजले, मागच्या खोलीतल्या मोकळ्या पलंगाकडे बराच वेळ पाहिलं. शेलीशी दार लावून बोलल्या. मग मागच्या दाराशी गेल्या, आणि तिथे माझे बूट होते.

चिखलाचे, मोठे, रबरी. पटाईत बायकांनी उशी मोजली होती, झगा मोजला होता, पण मागच्या पायरीखालचे बूट कुणाला दिसले नाहीत. कोर्टाच्या बाईंनी ते उचलले, डोरीनच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, हे कुणाचे. डोरीन म्हणाली, मला त्या क्षणी स्वतःचं नावसुद्धा आठवलं नसतं.

शेलीने सांगितलं. "आईचे. मोठेच घेतले, म्हणजे पुढच्या वर्षीपण होतील."

कोर्टाच्या बाई हसल्या. त्यांच्याही घरी मुलं असावीत. बूट खाली ठेवून त्या निघून गेल्या.

मी फोनवर हसले, मोठ्याने, श्वास सुटल्यासारखं. डोरीन हसत नव्हती. ती म्हणाली, "व्हर्ना, खोटं बोलताना शेलीने पापणीसुद्धा हलवली नाही."

मुलगी डोरीनकडेच राहिली. निकालात न्यायाधीशांनी म्हटलं की घर स्वच्छ आहे, मुलगी हुशार आहे, सध्या बदल करायचं कारण दिसत नाही. त्या 'सध्या' शब्दाकडे डोरीनच्या वकिलांनी बोट दाखवलं. बाई परत कधीही येऊ शकतात, ते म्हणाले, मुलगी मोठी होईपर्यंत. वेंडेल कोर्टाबाहेर टाय सैल करत उभा होता. आर्लीन त्याच्या शेजारी, पोटावर हात ठेवून, आमच्या डोक्यावरून पलीकडे बघत. मी लांब बाकावर बसले होते, कुणाचीच कुणी नसल्यासारखी.

मी त्या घरात लगेच परत जायचं नाही असं ठरलं. मी गेलकडेच राहिले. डोरीन सोमवारच्या बैठकीला आली, खायला आणलं, ऐकलं, वाचलं मात्र काही नाही. पाळी आली की म्हणायची, पुढच्या वेळी. कुणी आग्रह केला नाही. नियम जसाच्या तसा राहिला, फक्त आता त्याबद्दल कुणी भाषण करत नव्हतं.

बरेच आठवडे गेल्यावर एका रविवारी डोरीनने मला जेवायला बोलावलं. पाहुण्यासारखं, पुढच्या दाराने. मी कोट घालून, हातात स्वतः केलेला ॲपल पाय घेऊन घंटी वाजवली. दार शेलीने उघडलं. तिचे दात यायला लागले होते. तिने माझ्या मागचा रस्ता आधी डावीकडे पाहिला, मग उजवीकडे.

"या, स्कोग्लंडबाई," ती म्हणाली. "आई आत आहे."

मला वाटलं खेळ आहे. मी आत आले, दार लागलं, तिने टाचा उंचावून साखळी घातली आणि खिडकीचा पडदा ओढला. मी खाली वाकून म्हटलं, अगं, इथे कुणी नाही, आता व्हर्ना म्हण.

"मला माहितीये कुणी नाही," ती म्हणाली, हळू आवाजात, मला समजावत. "पण सवय मोडायला नको."

आतून डोरीनने हाक मारली की जेवण गरम आहे. मी ॲपल पायची ताटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, कोट कुठे टांगू. दाराशी खुंटी होती, पूर्वीची माझीच. शेलीने खुंटीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"अंगावरच असू द्या," ती म्हणाली.